वरच्यांची घाण

माझी थोरली जाऊ रिस्ती हिच्याइतकी किळसखोर बाई आमच्या कोशझार गावात दुसरी झाली नाही, आणि गावातलं सगळ्यांत घाणेरडं काम नेमकं तिच्याच वाट्याला आलं.

कोशझार सिर दर्याच्या काठावर आहे, किझिलओर्दाच्या बरंच खाली. नदीतून एक कालवा गावाकडे वळवलेला, त्याच्या तोंडाशी पंपघर आणि पंपघरापुढे लोखंडी गजांची जाळी. नदी जे काही घेऊन येते ते या जाळीला येऊन चिकटतं. काढलं नाही तर पंप गुदमरतो आणि गावाच्या नळांना पाणी येत नाही. ते काढायचं काम रिस्तीचं. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडावर एकावर एक दोन रुमाल, हातात लांब दांड्याचं दाताळं. तरुणपणी लागली ती केस पिकेपर्यंत तिथेच.

जाळीत काय सापडत नसे ते विचारा. कलिंगडाच्या साली, बाटल्या, कोंबड्यांची पिसं, बाळांचे मळलेले लंगोट, आतडी. एकदा अख्खं कुत्रं आलं होतं, गळ्यातल्या साखळीसकट. उन्हाळ्यात फुगलेल्या मेंढ्या यायच्या, लोकर सुटलेली, पोट ढोलासारखं. दाताळ्याचा दात लागला की फुस्स आवाज व्हायचा आणि मग जो वास सुटायचा तो मी इथे सांगत नाही. मी कधीमधी तिला जेवण पोचवायला जायची आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. रिस्ती मात्र मान वळवून, डोळे मिटून, आकड्याने ते धूड ओढत काठावरच्या खड्ड्यात लोटायची. आणि लोटताना शिव्या द्यायची.

त्या शिव्या ऐकायला लोक थांबत. कारण रिस्ती नुसती शिवी देत नसे, पत्त्यासकट देत असे.

"हे नारीनवाल्यांचं! वर डोंगरात बसतात आणि खाली ढुंगण करतात मेले!"

"ही कारा दर्याची घाण. ओशचा बाजार उठला वाटतं."

"चिरचिक! ताश्कंदवाल्यांनो, तुमच्या जिभेला फोड येवोत!"

शाळेत असताना भिंतीवर टांगलेला नदीचा नकाशा तिच्या डोक्यात जो बसला तो कायमचा. तिएन शानच्या बर्फातून नारीन येते, दक्षिणेकडून कारा दर्या येते, फरगणाच्या खोऱ्यात दोघी मिळतात आणि तिथून तिचं नाव सिर होतं. मग अंग्रेन मिळते, चिरचिक मिळते, केलेस मिळते, सगळ्यांत शेवटी आरिस. "आरिसनंतर एक ओढासुद्धा येत नाही," ती म्हणायची. "पुढे नुसतं वाळवंट, आणि आपण. सगळ्यांचं हगून-मुतून, धुऊन झालं की उरलेलं आपल्या पेल्यात." आणि पचकन थुंकायची.

प्रत्येक उपनदीला तिने आपापली घाण वाटून दिली होती. लाकडाचे ओंडके आणि मेंढ्या नारीनच्या. भाजीपाला, साली कारा दर्याच्या. बाटल्या आणि पिशव्या चिरचिकच्या, कारण शहर तिच्याकाठी. पिसं केलेसची, का, ते कोणी विचारलं नाही. बाटलीवर उझ्बेक अक्षरं दिसली की ती बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवायची. "बघा! पुरावा!"

घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची, साबणाने, मग राखेने, मग परत साबणाने. तिच्या हातांची कातडी कोंबडीच्या पायासारखी झाली होती. नदीचा मासा तिने घरात येऊ दिला नाही. दुसऱ्याच्या कपातून ती चहा पीत नसे. किटलीच्या बुडाला मिठाचा पांढरा थर बसायचा, तो ती सुरीने खरवडायची आणि म्हणायची, "हे बघ, वरच्यांच्या कापसाचं खत. खा बाई, खा." तिचा नवरा येसेन गरीब माणूस. तो म्हणायचा, "हिने मला लग्नात सरबताआधी साबण दिला होता."

अशा बाईच्या मुलीने काय करावं? नुरीला बिश्केकला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे तिने नवरा ठरवला. मुलगा किरगीझ. गाव टोक्टोगुलच्या बाजूला. नारीनच्या काठावर.

नुरीलाने हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे दस्तरखानाभोवती, जेवणाच्या चादरीभोवती, बसलो होतो. रिस्तीने हातातली भाकरी खाली ठेवली.

"कुठला म्हणालीस?"

"नारीनकाठचा, आई."

"नारीनचा," रिस्ती म्हणाली. "म्हणजे ज्यांच्या कुजक्या मेंढ्या उपसून मी तुला वाढवलं, त्यांच्याच घरात जाऊन तू आता चहा ओतणार."

"आई, एल्दियारने कधी मेंढी फेकली नाही गं. तो दातांचा डॉक्टर होणार आहे."

"मग दात फेकत असेल."

येसेन हसला आणि एकटाच हसला म्हणून लगेच गप्प झाला. पण मुलगी आईचीच होती, हटली नाही. शेवटी उन्हाळ्यात बोलणी करायला आम्ही निघालो: रिस्ती, येसेन आणि मी; नुरीला बिश्केकहून परस्पर तिथे येणार होती. माझ्या नवऱ्याने मला बजावलं, "वहिनीला सांभाळ. तिथे जाऊन कोणाच्या तोंडावर थुंकायची नाहीतर."

आधी आगगाडी, मग बस, मग घाटातून धापा टाकणारी एक टॅक्सी. रिस्तीने वाटभर खिडकीतून बाहेर पाहिलं आणि एका शब्दाने कशाचं कौतुक केलं नाही. घाटमाथ्यावर बर्फ होतं, उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हटलं, "बाई, काय सुंदर आहे गं!" ती म्हणाली, "थांब. खाली उतरू दे. घाण खालीच असते."

व्याह्यांचं घर नदीच्या वर टेकाडावर होतं. विहीणबाई बुरुल, भरलेल्या अंगाची, हसरी. तिने काय काय मांडलं होतं! तळलेल्या बौरसाकांचा ढीग, साय, जर्दाळूचा मुरंबा, उकडलेलं मटण, घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस. रिस्तीने कप हातात घेतला, आत पाहिलं, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"विहीणबाई, चहा निवला की," बुरुल म्हणाली.

"पोट बरं नाही."

"मग कुमिस घ्या, पोटाला चांगला."

"कुमिसाने वाढतं."

मी तिच्या वाट्याचंही खाल्लं, म्हणजे निदान ताट रिकामं दिसावं. पण बुरुल काही खुळी नव्हती. तिसऱ्यांदा चहा परत गेला तेव्हा तिचं हसू मावळलं. रिस्ती तेवढ्यात उठून खिडकीशी गेली. खाली नारीन वाहत होती, हिरवीनिळी, तळाचे दगड दिसावेत अशी. रिस्तीने ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली, जसा फौजदार घराची झडती घेतो.

"तुम्ही कुठून टाकता?" तिने विचारलं.

"काय टाकतो?"

"घाण. मेंढ्या. तुमची सगळी घाण खाली आमच्याकडे येते. मी बाहेर काढते ना, मला ठाऊक आहे."

नुरीलाचा चेहरा बटाट्यासारखा पांढरा पडला. येसेन जर्दाळूच्या मुरंब्याकडे असा बघत बसला की जणू त्याने तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बुरुल काहीतरी बोलणार, तोच तिचा नवरा झापारकुल, जो आतापर्यंत मुकाट्याने हाडं चोखत होता, त्याने बोटं पुसली.

"विहीणबाईंना घाण बघायचीय का?" तो म्हणाला. "मग चला. माझं कामच ते आहे."

झापारकुल धरणावर कामाला होता. धरणामागे नारीनचा मोठा जलाशय आहे, डोंगरांच्या मधोमध समुद्रासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हांला आपल्या होडीत बसवलं. होडी धरणाच्या भिंतीकडे निघाली, आणि भिंत जवळ येऊ लागली तसं पाणी दिसेनासं झालं.

पाण्यावर एक गोधडीच पसरली होती. ओंडके, फांद्या, बाटल्या, चपला, फेस, एक मोडका पाळणा. मधोमध एक गाय, चारी पाय वर, आणि तिच्या पोटावर कावळे. उन्हाने त्या सगळ्याला एक चकचकीत, तेलकट साय धरली होती. होडी त्यात शिरली तशी ती साय चिरली गेली आणि खालून वास वर आला. मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. झापारकुलने शांतपणे होडीतून एक लांब दांड्याचा आकडा उचलला आणि गाईच्या शिंगाला अडकवला. रिस्ती त्याच्या हाताकडे बघत होती. अगदी तिच्यासारखाच तोही मान वळवून ओढत होता.

"वरून सगळं येतं," तो म्हणाला. "नारीन शहर, मग वाटेतली गावं, कुरणं, सगळं. माझ्या लोकांना मी रोज शिव्या देतो, तुम्ही काय देणार!"

"यातलं खाली किती जातं?" रिस्तीने रुमालाआडून विचारलं.

"खाली?" तो हसला. "भिंतीत पाणी घ्यायची तोंडं आहेत, त्यांना जाळ्या आहेत. पाणी जातं. घाण इथेच राहते, म्हणून तर मला पगार मिळतो. आणि हे एकच धरण आहे काय? याच्याखाली ओळीने आणखी आहेत. मग फरगणाच्या पुढे ताजिकांचा तलाव. मग तुमचं स्वतःचं शारदारा. मग किझिलओर्दाचा बंधारा. माझ्याकडची एक काडी जरी तुमच्या गावाला पोचली ना विहीणबाई, तर मी तुम्हांला घोडा देईन."

"पण मेंढ्या... मेंढ्या मी स्वतः काढते."

"मेलेली मेंढी उन्हाळ्याच्या पाण्यात किती टिकते? थोड्याच दिवसांत फुटते, चिंध्या होतात. इथून तुमच्याकडे पाण्यालाच पोचायला किती वेळ लागतो, आणि मेंढी काय पोहत येणार? खाली आमच्याकडून काय येतं सांगू? गाळ. बर्फाचं पाणी. आणि मधल्या शेतांचं मीठ, औषध, जे डोळ्यांना दिसत नाही ते. त्याला जाळी नाही. पण मेंढी..." त्याने मान हलवली. "अख्खी मेंढी आली तर समजायचं, शेजारून आली."

गाय होडीच्या बाजूने घासत सरकली, तिच्या डोळ्याच्या जागी काहीतरी वळवळत होतं, आणि इतकी वर्षं जाळीवर उभी राहिलेली माझी जाऊ होडीच्या काठावरून वाकून भडाभडा ओकली. बराच वेळ. मग तोंड पुसून खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे हेही इथेच राहणार."

"हो," झापारकुल म्हणाला. "उद्या मीच काढीन. आपलीच माणसं आहात."

त्या दिवशी तिने बुरुलच्या हातचा चहा घेतला, कप रुमालाने आतून-बाहेरून पुसून का होईना. बुरुलने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बोलणी पार पडली. परतीच्या वाटेवर रिस्ती खिडकीतूनसुद्धा बघत नव्हती. एकदाच म्हणाली, "शेजारून."

गावी आल्यावर ती जाळीवर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने घाणीकडे डोळे उघडून पाहिलं. उझ्बेक अक्षरांची बाटली निघाली. ती घेऊन ती सरळ गावातल्या दुकानात गेली. फळीवर तशाच बाटल्या रांगेत उभ्या होत्या. "कधीपासून विकतोस?" तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, "आपा, कायमच विकतो. स्वस्त पडतं. तूच तर नेतेस ना पाहुणे आले की!" कलिंगडं आमच्याच वाफ्यांतली. पिसं वरच्या वळणावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यातली. रिस्ती रोज घरी येऊन एकेक सांगायची आणि दर वेळी तिचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस तिने मला निरोप पाठवून जाळीवर बोलावलं. काठावर एक मेंढी पडली होती, निळसर, फुगलेली, माश्यांनी काळी झालेली.

"कान बघ," ती म्हणाली.

"मी नाही बाई बघणार."

"बघ म्हणते ना!"

मी नाक दाबून वाकले. उजव्या कानाचं टोक पाकोळीच्या शेपटासारखं दुभंगलेलं, डाव्या कानाला मागून चंद्रकोरीएवढा तुकडा काढलेला. आमच्याकडे प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी असते, आणि ही कोणाची ते लहान पोरही सांगेल. ही रिस्तीच्या वडिलांची खूण. वडलांमागे ती तिच्या भावाकडे, ओरिनबायकडे आली. त्याचा मेंढवाडा नदीच्या वरच्या वळणावर, जाळीपासून घोड्यावरून गेलं तर चहा थंड होण्याआधी पोचावं इतक्या अंतरावर.

"इतकी वर्षं मी डोळे मिटून ओढत होते," रिस्ती म्हणाली. "कान बघितलाच नाही. किळस यायची."

ओरिनबायच्या नातवाच्या सुंतेची मेजवानी त्याच आठवड्यात होती. रिस्तीने कोणाला काही सांगितलं नाही. तिने ती मेंढी कापडात लपेटून येसेनच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये घातली आणि येसेनला म्हणाली, "चालव." येसेन म्हणाला, "रिस्ती, असं करू नये." ती म्हणाली, "नाहीतर मी चालवते." तिला चालवता येत नव्हतं. तो बसला.

मी मेजवानीतच होते. मांडवात गावातली जाणती मंडळी बसली होती, पातेल्यांतून वाफ येत होती, मुल्ला नुकताच आशीर्वाद देऊन टेकला होता. मोटरसायकल थेट मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. आधी वास आला. मग रिस्ती उतरली आणि तिने ते गाठोडं ओढून दस्तरखानाच्या काठाशी सोडलं. कापड सुटलं.

"आपा!" ओरिनबाय उभा राहिला. "हे काय आणलंस?"

"तुझंच आहे. कान बघ."

"आज माझ्या नातवाचा दिवस आहे! लाज आण गं जरा!"

"लाज? तीसुद्धा तुझ्या मेंढीबरोबर वाहत आली होती. जाळीत अडकली. तीही घेऊन आले."

बायका तोंडावर हात धरून पळाल्या. एक म्हातारे काका तिथल्या तिथे ओकले. मुल्लाने चपला शोधायला सुरुवात केली. ओरिनबाय लालबुंद झाला होता, पण घाबरलेला दिसत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"रोग आला होता," तो म्हणाला. "पटापट मेल्या. एकेकीला खड्डा खणत बसू? सगळेच टाकतात. विचार इथे कोण टाकत नाही ते! तू काय नळाखाली जन्मलीस? आपले अब्बाही टाकायचे."

"अब्बा टाकत नव्हते."

"टाकायचे. तुला वास सहन व्हायचा नाही म्हणून तुला तेवढा वेळ घरात कोंडायचे आणि आम्ही दोघं ओढत न्यायचो. मी लहान होतो, पाय धरायचो. तुला काय ठाऊक!"

मला वाटलं आता ती त्याच्या कानशिलात वाजवणार. तिने फक्त आपले हात बघितले, पुढून, मागून, आणि साइडकारमध्ये जाऊन बसली. मेंढी तिथेच राहिली. नंतर कोणी उचलली मला माहीत नाही, मीही तोवर पळाले होते.

अर्ध्या गावाने तिला नावं ठेवली: मुलाच्या सुंतेत कुजकं मढं आणणारी बाई! पण उरलेल्या अर्ध्यांनी घरी जाऊन नळाकडे पाहिलं. आजवर वरच्यांची घाण म्हणून पीत होते तोवर चालत होतं. ओरिनबायची म्हटल्यावर घशाखाली उतरेना. बायकांनी नवऱ्यांना टोचलं, नवऱ्यांनी ओरिनबायला. त्याने कुरकुरत काठापासून लांब एक खोल खड्डा खणला, चुना आणला. आणखी तिघाचौघांनी खणले. जाळीला अडकणारं निम्म्यावर आलं. नुरीलाच्या लग्नात बहीणभाऊ एकमेकांशी बोलले, झापारकुलने दोघांना दोन्ही बाजूंना बसवून हसवलं.

मग काही वर्षांनी गावाला बोअरचं पाणी आलं. लांबून, नळातून, गोड. पंपघराला कुलूप लागलं आणि रिस्ती घरी बसली. आम्ही म्हटलं, सुटली बिचारी. एका ईदला आम्ही ओरिनबायकडे गेलो तर तो खड्डा बुजवलेला, त्यावर गवत, आणि नदीच्या उतारावर ओढत नेल्याची ताजी खूण. रिस्तीने ती पाहिली.

"परत?" ती म्हणाली.

"आता कोण पितं ते पाणी, आपा?" ओरिनबाय मटण वाढत म्हणाला. "आपण तर पीत नाही."

"खालचे पितात."

"खालचे कोण? एकाचं तरी नाव सांग. ओळखतेस का कोणाला?"

ती ताटावरून उठली.

त्याच आठवड्यात तिने मला बसमध्ये बसवलं आणि आम्ही काझालीच्या रस्त्याला, नदीवरच्या पुढच्या गावात उतरलो. पाण्यावर एक लठ्ठ बाई बादल्या भरत होती. रिस्तीने सलाम केला, गाव सांगितलं. कोशझार ऐकताच त्या बाईने बादली खाली ठेवली आणि असं तोंड केलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"तुमच्या मेंढ्या येतात," ती म्हणाली. "फुगून. तुम्ही माणसं आहात की कोल्हे?"

"नाव काय तुझं?" रिस्तीने विचारलं.

"कानिपा."

"कानिपा, माझ्या भावाचा फोन नंबर लिहून घे. मेंढी आली की कान बघायचे. अशी खूण असली की त्याला फोन करायचा. जेवायच्या वेळेला कर."

कानिपा हसली नाही, पण नंबर घेतला. आणि फोन करते, मनापासून करते. ओरिनबायने एकदा नंबर बदलला; रिस्तीने नवा कळवला. तो आता अर्ध्या मेंढ्या पुरतो आणि अर्ध्या नुसत्याच माळावर टाकून देतो, तेवढंच. कुत्री त्या ओढत गावापर्यंत आणतात. वारा तिकडचा असला की संध्याकाळी वास येतो, गोडसर, जड, पातेल्यावर बसणारा. रिस्ती उठते, खिडक्या लावते, पडद्यांच्या फटीत चिंध्या कोंबते आणि भावाला त्याच्या नावागावासकट शिव्या देते.